हिरकणीचं कौतुक पुरे, आता दरवाजा उघडा

हिरकणीची गोष्ट रायगड जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. कोजागरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरात एकटं तान्हं बाळ आणि मग अंधारात उतरलेला तो कडा. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. आख्यायिका आहे, पण शाळेपासून सिनेमापर्यंत आपण ती इतक्यांदा ऐकलीय की तिच्यातला एक साधा तपशील आपल्याला दिसेनासा झालाय. हिरकणीला कडा उतरावा लागला, कारण पहारेकऱ्यांकडे एक नियम होता आणि त्या नियमात तान्ह्या बाळाच्या आईसाठी जागा नव्हती.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या भाषेत हिरकणी म्हणजे एक बग रिपोर्ट. जिथून एक बाई उतरू शकते तिथून शत्रूही चढू शकतो, हे ओळखून महाराजांनी बुरूज बांधला. गडासाठी ते बरोबरच होतं. आपण मात्र या गोष्टीतून फक्त कौतुक उचललं. एसटीच्या निमआराम गाडीला हिरकणी नाव दिलं. स्टँडवरच्या आणि सरकारी कचेऱ्यांमधल्या स्तनपानाच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हटलं (त्यातल्या किती उघड्या असतात, ते पुढच्या वेळी स्टँडवर उतरलात की बघा). आणि आई-बाळाच्या मध्ये आजही खराखुरा बंद दरवाजा आहे, तिथला पहारा आपण जसाच्या तसा ठेवला. हा दरवाजा नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचा.

अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं बाळ जन्मलं की आपल्याकडे म्हणतात, ‘बाळ पेटीत ठेवलंय.’ सरकारी दवाखान्यात या पेट्यांच्या कक्षाला एसएनसीयू म्हणतात. आता आपल्या किनाऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुरूडहून अलिबाग साधारण ५० किलोमीटर. श्रीवर्धनकडून यायचं तर म्हसळा-माणगावचा लांबचा वळसा, नाहीतर दिघीहून जंगलजेटीनं आगरदांडा आणि तिथून पुढचा रस्ता. तिथेही जमलं नाही तर पनवेल, नाहीतर मुंबई. बाळ ॲम्ब्युलन्समधून पुढे जातं. ओली बाळंतीण टाके सांभाळत मागून येते, कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या. पोचल्यावर तिला कळतं की बाळ आत आहे आणि आपण बाहेर. मग ठरलेल्या वेळी दार किलकिलं होतं आणि आतून प्रश्न येतो, “दूध आणलंय का?”

माझं भांडण या प्रश्नाशी आहे. कारण तो विचारणारी व्यवस्था ते दूध यावं म्हणून स्वतः जवळजवळ काहीच करत नाही.

दूध कसं येतं, हे आधी नीट समजून घेऊ. साधारण ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ सहसा जमत नाही. त्याला नळीनं दूध देतात, पुढे वाटी-चमच्यानं किंवा आपल्या जुन्या बोंडल्यासारख्या भांड्यानं. म्हणजे बाळ स्वतः ओढून पिणार नाही. आणि दुधाचा हिशोब असा आहे की जेवढं काढाल तेवढं पुढे तयार होतं. काढलंच नाही तर गरज नाही असं शरीर धरून चालतं आणि दूध आटतं. म्हणून बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच हातानं किंवा पंपानं दूध काढायला सुरुवात करावी लागते. मग दिवसातून किमान आठ वेळा, रात्रीसुद्धा, बाळ अंगावर पिऊ लागेपर्यंत. पहिल्या दिवसांत थेंबच येतात, तो चीक. ते थेंब वाया घालवण्यासारखे नसतात. पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आतड्याच्या एका जीवघेण्या आजाराचा धोका आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा जास्त असतो.

दर तीन तासांनी अलार्म, रात्रंदिवस, कित्येक आठवडे. आमच्या कंपन्यांमध्ये अशा कामाला ऑन-कॉल म्हणतात. त्याचा रोटा असतो, अडलं तर फोन उचलणारा दुसरा माणूस असतो, शिफ्ट संपताना हँडओव्हर असतो. सलग दोन आठवडे एकट्यानं ऑन-कॉल केलं तर मॅनेजर विचारतो, “बाबा, ठीक आहेस ना?” टाके ओले असलेल्या, कॉरिडॉरमध्ये चटईवर झोपणाऱ्या, बाळ जगेल का हेच माहीत नसलेल्या बाईकडून आपण हेच काम एकटीनं करून घेतो. ते जमलं नाही की निकाल तयारच असतो, “हिला दूधच नाही.”

माझ्या मामेबहिणीनं हे वाक्य पहिले तीन दिवस दुसऱ्यांकडून ऐकलं आणि चौथ्या दिवशी स्वतःच म्हणायला लागली. बाळ ३१ आठवड्यांचं, वजन १४०० ग्रॅम. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण तिथल्या नर्सेसशी माझं वैर नाही. एकेकीकडे इतकी बाळं होती की “पिळून आणा” यापलीकडे बोलायला त्यांना वेळच नव्हता. कसं पिळायचं, किती वेळा, किती आलं तर पुरे, हे कुणी सांगितलं नाही. घरून अळीवाची खीर आली, डिंकाचे लाडू आले, ‘आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं’ हेही आलं.

शेवटी हात धुऊन शेजारी येऊन बसली ती बाजूच्या चटईवरची मुरूडकडची कोळीण. तिचं बाळ १९ दिवसांपासून आत होतं. “बाय, चिमटा नको काढू. बोटं आधी मागं, छातीकडं दाब, मग पुढं आण.” दहा-पंधरा मिनिटांनी स्टीलच्या वाटीच्या तळाला जेमतेम एक चमचा दूध जमलं. “एवढंच?” असं बहीण म्हणाली, तेव्हा ती बाई म्हणाली, “माझं याच्याहून कमी होतं.” माझ्या मते सगळं बदललं ते या वाक्यानं. त्यानंतर रात्री दोनला तीच बहिणीला उठवायची, दोघी एकत्र बसायच्या. आठवड्याभरात वाटी भरायला लागली.

डॉक्टरनं तेच तंत्र दाखवलं असतं, पण ‘माझं याच्याहून कमी होतं’ हे डॉक्टरला म्हणता आलं नसतं. याला जगभर पीअर सपोर्ट म्हणतात. त्याच वाटेनं आधी गेलेली बाई नंतर येणारीला सोबत करते. आपल्याकडे हे काम प्रत्येक एसएनसीयूच्या बाहेर रोज चालतं. फक्त ते नशिबावर चालतं. शेजारी कोण चटई टाकतं, त्यावर एका बाळाचं दूध ठरतं.

ही भाबडी कल्पना वाटत असेल तर ढाक्यातला प्रयोग बघा. तिथल्या वस्त्यांमधल्याच आयांना दहा दिवसांचं प्रशिक्षण देऊन इतर आयांच्या घरी पाठवलं. ज्यांना ही साथ मिळाली त्यांच्यातल्या ७० टक्के आया पाचव्या महिन्यात बाळाला फक्त अंगावरचं दूध देत होत्या. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होतं. २००० साली ‘लॅन्सेट’नं हे छापलं. तो प्रयोग घरातल्या बाळांवर होता. पण शिकागोच्या रश रुग्णालयानं हेच काम अतिदक्षता कक्षात आणलं. ज्यांची स्वतःची बाळं तिथल्या पेटीत होती, अशाच आयांना पगारावर नेमलं. आणि आपल्याच देशात २००८ च्या सुमारास बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, राजस्थानातल्या काही जिल्हा रुग्णालयांत बाळंतिणींच्या सोबतीला ‘यशोदा’ नेमल्या गेल्या. नाव आपल्याच पुराणातलं होतं, महाराष्ट्राला ते सुचलं नाही.

‘आयांना आत सोडलं तर इन्फेक्शन होईल’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचं उत्तरही आलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक मोठी चाचणी घेतली, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, आईचा पलंग अतिदक्षता कक्षाच्या आतच टाकला. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. जंतुसंसर्गाचा संशय असलेली बाळंही कमीच निघाली. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे दरवाजा बंद ठेवणं ही आता सावधगिरी उरलेली नाही, सवय उरली आहे.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. घरच्यांना एसएनसीयूत घेऊन बाळाची काळजी शिकवावी, अशी केंद्राची मार्गदर्शक सूचना २०१७ ची आहे. रुग्णालयांत आईचं दूध काढायची आणि साठवायची सोय असावी, ही सूचनाही त्याच वर्षीची. पण २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला मोफत जेवण किती दिवस? साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७. बाळाचा उपचार पुढेही मोफत चालतो. आठव्या दिवसापासून त्या बाळासाठी दूध तयार करणारी बाई काय खाणार, याचा या यादीत पत्ता नाही. आशाताईंच्या घरभेटींचं वेळापत्रक चांगलं आहे, पण त्या गावात आणि आई कॉरिडॉरमध्ये. देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. ही आकडेवारी सरकारच्याच पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची आहे. बायकांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणायला आपण शिकलो. दाराच्या आत त्यांचं काय करायचं, ते शिकलो नाही.

आता मला सर्वांत टोचणारी गोष्ट. आशियातली पहिली मानवी दूधपेढी २७ नोव्हेंबर १९८९ ला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. कुठे? सायन रुग्णालयात, म्हणजे आपल्या समोरच्या किनाऱ्यावर. त्याला साडेतीन दशकं उलटली. आपल्या बंदरांवर बोट लागली की मासळी बर्फात जाते. कुठल्या मासळीला किती बर्फ आणि ती किती तास टिकेल, हे कोळणींना तोंडपाठ असतं. पापलेट ताजं मुंबईला पोचावं याची पूर्ण साखळी या किनाऱ्यानं उभी केलीय. काढलेलं आईचं दूध खोलीत साधारण चार तास टिकतं, पुढे थंड ठेवावं लागतं. यात न समजण्यासारखं काही नाही. मुरूडची बाई घरून दूध काढून अलिबागला का पाठवू शकत नाही? बर्फ आहे, रस्ता आहे, गाडी आहे. ते दूध मोलाचं आहे, असं समजणारं कार्यालय तेवढं नाही.

माझ्या क्षेत्रातले लोक म्हणतील, ॲप बनवू. मीही एका वीकेंडमध्ये बनवू शकतो, रिमाइंडर, मिलिलीटरचा ग्राफ, चॅटबॉट, सगळं. पण दुसऱ्या दिवशीचा ग्राफ शून्याला चिकटलेला दिसेल आणि तो बघून बाई आणखी घाबरेल. एवढं पुरे आहे, हे ज्या बाईनं स्वतः पुरवून दाखवलंय तिनंच सांगावं लागतं. कुणी म्हणेल, समुपदेशक नेमलेत. जिथे आहेत तिथे राहू द्या. पण दूध रात्री दोनलाही काढावं लागतं आणि तेव्हा समुपदेशक घरी असते.

आणखी एक युक्तिवाद येतो, तो सर्वांत गोड आणि सर्वांत वाईट. ‘बायका एकमेकींना सांभाळून घेतातच की, त्यात पैसे कशाला?’ बायका फुकट करतात म्हणूनच हे काम कुणाला दिसत नाही. ती मुरूडची बाई दोन बाळांना दूध मिळवून देत होती. एक तिचं, एक माझ्या बहिणीचं. दवाखान्याच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये तिची नोंद नाही, तिला स्वतःला पलंग नव्हता. तिला ‘आधुनिक हिरकणी’ म्हणून ८ मार्चला शाल-श्रीफळ द्यायला उद्या कुणीही तयार होईल. शाल नको, पगार द्या.

म्हणून मागण्या तीनच. एक, आईसाठी एसएनसीयूला भेटीची वेळ नसावी. हात धुऊन, गाऊन घालून ती चोवीस तास केव्हाही आत गेली पाहिजे. दोन, बाळ घरी जाईपर्यंत आईला पलंग आणि दोन्ही वेळचं जेवण. तीन, प्रत्येक पाळीला एक अनुभवी आई, जिचं बाळ कधीतरी अशाच पेटीत होतं, प्रशिक्षण देऊन, ओळखपत्र देऊन नेमलेली. नाव सखी द्या, यशोदा द्या, काहीही द्या. फक्त ‘मानधन’ देऊ नका. मानधनाचा अर्थ काय होतो, हे २०२४ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर बसलेल्या आशाताईंना विचारा. तीन पाळ्यांचे तीन पगार. एसएनसीयूतल्या यंत्रांच्या खर्चापुढे ही रक्कम काढायलाही लाज वाटावी इतकी छोटी आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना अजून मूल नसेल, मलाही नाही. तरी एक काम आपण करू शकतो. आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे निधी असतो. तिथे लेखी अर्ज देऊन तीन प्रश्न विचारा. एसएनसीयूत आईला कोणत्या वेळी आत सोडतात? आठव्या दिवसानंतर ती कुठे झोपते आणि काय खाते? दूध कसं काढायचं, हे तिला रात्री दोन वाजता कोण दाखवतं? उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये लागतात.

तिसऱ्या प्रश्नाला ‘शेजारच्या चटईवरची बाई’ असं उत्तर आलं, तर पुढचा अर्ज तिच्या नेमणुकीचा करा.