तिथं कोण असतं?

मी मॅस्टोडॉनवर लिहितो असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो : ‘तिथं कोण असतं?’ कॉलेजचे मित्र विचारतात, ऑफिसातले विचारतात, एका दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या ताईंनीही विचारला. विचारण्यात कुतूहल कमी आणि कीव जास्त असते. लग्नाला म्हणून निघालेला पाहुणा चुकून शेजारच्या रिकाम्या हॉलमध्ये जाऊन बसला, तर त्याच्याकडे जसं बघतील तसं माझ्याकडे बघतात.

आधी मी हसून विषय बदलायचो. आता राग येतो. कारण या प्रश्नात एक गोष्ट न सांगता धरलेली असते : जिथं आकडा मोठा, तिथं माणसं ऐकतायत. हे खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे मला जरा जास्त जवळून माहीत आहे.

पहिल्या नोकरीत माझ्या टीमकडे एका ॲपच्या नोटिफिकेशनचं काम होतं. ॲपचं नाव महत्त्वाचं नाही. आमचं उद्दिष्ट एका ओळीत लिहिलेलं होतं : माणूस दिवसातून किती वेळा परत येतो, तो आकडा वाढवा. मग आम्ही काय करायचो? तुमच्या फोटोला दुपारी पाच लाइक आले, तर ते दुपारी कळवायचे नाहीत. राखून ठेवायचे. संध्याकाळी तुम्ही ॲप उघडलं नाहीत की एक सोडायचा, थोड्या वेळाने दुसरा. त्याचा कोड मी लिहिला. चांगला लिहिला, मीटिंगमध्ये कौतुकही झालं. त्या सगळ्या डेटाबेसमध्ये कोण कुठे किती सेकंद थांबलं हे होतं, कुणी कशावर बोट ठेवलं हे होतं. माणसाला काय समजलं, काय पटलं, काय आठवत राहिलं, याचा रकाना नव्हता. असणार तरी कसा? तो मोजताच येत नाही.

या सगळ्याला आमच्या धंद्यात ‘एंगेजमेंट’ म्हणतात. आपल्याकडे एंगेजमेंट म्हणजे साखरपुडा. तिथं निदान दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसतात आणि मुलीला मुलगा कोण ते माहीत असतं.

हे फक्त माझ्या छोट्या ॲपचं रडगाणं नाही. ३१ मार्च २०२३ ला ट्विटरने आपल्या शिफारस-यंत्रणेचा बराचसा कोड जाहीर केला. ‘फॉर यू’ फीडमध्ये कुठली पोस्ट वर न्यायची हे ठरवताना कशाला किती गुण, तेही त्यात होतं. कुणी लाइक करण्याची शक्यता असेल तर तिला अर्ध्या गुणाचं वजन. रिट्विटला एक. कुणी उत्तर देण्याची शक्यता असेल तर साडेतेरा. आणि त्या उत्तरावर मूळ लेखक पुन्हा काही करेल, म्हणजे लाइक किंवा उलट उत्तर, असं वाटत असेल तर पंचाहत्तर.

गणित करून बघा. एक उत्तर म्हणजे सत्तावीस लाइक. वादात लेखकाला ओढलं, तर दीडशे लाइक. पोस्ट कुणी रिपोर्ट करण्याची शक्यता असेल तर मोठे उणे गुण होते, हेही सांगायला हवं. पण न रिपोर्ट करता खाली येऊन आईबहिणीवरून शिव्या घातल्या, तर? तेही उत्तरच. साडेतेरा. आणि तुम्ही चिडून परतफेड केलीत, तर पंचाहत्तर. ही जुनी आकडेवारी आहे, नंतर ती बदलली असेलच. पण दृष्टी काय होती, ते स्वच्छ दिसतं. फेसबुकचंही वेगळं नव्हतं. २०१७ पासून त्यांच्याकडे इमोजी प्रतिक्रियेला लाइकच्या पाचपट वजन होतं, त्यात लाल तोंडाचा रागही आला. हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून कळलं. रागाचं वजन त्यांनी पुढे शून्यावर आणलं, पण मधली वर्षं तर गेलीच.

आता आपल्या फीडकडे बघा. खरी मिसळ कुठली, पुणेकर किती खडूस, वडापाव महाग झाला की छोटा झाला, अमुक लेखक थोर की भंपक. दर आठवड्याला तेच. आपली मराठी माणसं भांडकुदळ आहेत असं आपण स्वतःच हसत हसत म्हणतो. अरे, साडेतेरा गुण मिळत असतील तर फिनलंडची माणसंही भांडतील!

दोन वर्षांपूर्वी मी ‘ऱ्य’वर लिहिलं होतं. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. दर्या एक असतो, दऱ्या अनेक. हा फरक दाखवणारं अर्धं ‘ऱ’ मराठीला लागतं, हिंदीला लागत नाही, म्हणून कितीतरी वर्षं कीबोर्डवर त्याची आबाळ झाली, असं ते लिखाण. शेवटी मी ऐटीत म्हटलं होतं, की आता फोनवर हे अक्षर नीट दिसतं, म्हणजे प्रश्न मिटला. तेच लिखाण मी दोन ठिकाणी टाकलं, एका मोठ्या ॲपवर आणि मॅस्टोडॉनवर.

मोठ्या ॲपवर तीनशेच्या वर लाइक आले. मी खूश. कमेंटमध्ये पहिल्या तासातच शुद्धलेखन ही कुणाची मिरासदारी यावर जुंपली. तो प्रश्न खोटा नाही. प्रमाणभाषा कुणी ठरवली हे विचारायलाच हवं. पण माझ्या पोस्टचा तो विषय नव्हता, आणि भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दुसरी ओळ वाचलेली नव्हती. मीही उतरलो. रात्री दीडपर्यंत उत्तरं देत बसलो. पोस्ट आणखी पसरली. पंचाहत्तर, पंचाहत्तर, पंचाहत्तर.

मॅस्टोडॉनवर अकरा लाइक आणि एक उत्तर आलं. फॉन्टचं काम करणाऱ्या एका माणसाचं, दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याने लिहिलं होतं की प्रश्न मिटलेला नाही. हे अर्धं ‘ऱ’ दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात साधा ‘र’, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलन्त. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द वाटतात. म्हणजे एका तऱ्हेने ‘दऱ्या’ शोधलं, तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या दऱ्या सापडत नाहीत. मी तेव्हा ऑफिसात मराठी नावांच्या शोधावरच काम करत होतो. उघडून पाहिलं. आमच्याकडे तीच चूक होती. गोऱ्हे आणि कऱ्हाडे आडनावाची माणसं अर्ध्या वेळा सापडत नव्हती. दोन दिवसांत दुरुस्त केली.

आता सांगा, एंगेजमेंट कुठे झाली?

कुणी म्हणेल, हा योगायोग. थोडासा असेलही. पण त्यामागे यंत्रणेचा फरक आहे. मॅस्टोडॉन म्हणजे एक कंपनी नाही. हजारो वेगवेगळे सर्व्हर, वेगवेगळ्या माणसांनी चालवलेले, एकमेकांशी एका सामायिक भाषेत बोलणारे. ती भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, २०१८ पासून वेबचं अधिकृत प्रमाण. ईमेलसारखंच : तुमचं खातं एकीकडे, माझं दुसरीकडे, पत्र पोचतं. तिथं होम फीड वेळेनुसार चालतं. लाइक म्हणजे लेखकाला केलेली मान डोलावण्याची खूण, त्याने पोस्ट वर चढत नाही. पसरवायची असेल तर कुणीतरी माणसाने मुद्दाम आपल्या फॉलोअरांपुढे ठेवावी लागते. आणि गंमत म्हणजे लाइकचा पूर्ण आकडा सहसा फक्त लेखकाच्या सर्व्हरला माहीत असतो. मला माझ्या पोस्टवर अकरा दिसत असतील, तर दुसऱ्या सर्व्हरवरून वाचणाऱ्याला कदाचित दोनच दिसतील. आकडा बघून ‘इथं कुणी नाही’ असं म्हणणाऱ्याचा आकडाच मुळात अपुरा आहे.

तरी लोक आले आणि गेले, हे खरं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. त्यांनी लावलेला फोटो होता नाझी सलामीला नकार देऊन हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या माणसाचा! त्या संतापात हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर आले, आणि थोड्याच दिवसांत बरेचसे परतले. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर जगभरातून दुसरी लाट आली. महिन्याला वापरणारे वीस लाखांवर गेले आणि मग पुन्हा ओसरले.

यात सगळा दोष जाणाऱ्यांचा नाही. आमच्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. नवा माणूस दारात येतो तर त्याला आधी विचारतात, सर्व्हर कुठला निवडणार? त्या बिचाऱ्याला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नसतं. कसाबसा आत आला, तर मराठीत कोण लिहितं हे शोधायला नीट सोय नाही. मजकुरात शोधण्याची सोय आली तीच २०२३ मध्ये, तीही ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याच पोस्टपुरती. त्याने पहिला विनोद केला की कुणीतरी जुनाजाणता येऊन इथल्या रीतिभाती शिकवतो. अशी सोवळ्यातली पंगत मांडायची आणि मग म्हणायचं, लोकांना चांगलं काही नकोच. सर्व्हर हौशी माणसांच्या खिशातून चालतात. कंटाळा आला, पैसे संपले, की एक दिवस बंद. अल्गोरिदम म्हणजे पाप हेही मला पटत नाही. चारशे माणसांच्या बोलण्यातून माझ्या कामाचं वर काढणारं काहीतरी लागतंच. ब्लूस्कायने २०२३ पासून कुणालाही स्वतःचा फीड बनवून देता येईल अशी सोय केली. त्यांची जवळपास सगळी मंडळी अजून एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी ही कल्पना बरोबर आहे. प्रश्न अल्गोरिदम असावा की नसावा हा नाही. त्याचं बटण कुणाच्या हातात, हा आहे.

आणि ज्यांचं पोट रीच वर चालतं त्यांना ‘सोडा ते ॲप’ असं मी सांगणार नाही. घरात बसून पगार घेणाऱ्याने तमाशातल्या कलावंताला फडाची जागा बदलायला सांगू नये. पण त्यांचंच उदाहरण घ्या. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरापोरींनी शेताच्या बांधावर उभं राहून जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. हे परकी ॲपमुळे झालं म्हणाल, तर ‘कू’ देशी होतं, मराठीत होतं. जुलै २०२४ मध्ये ते बंद झालं आणि तिथले फॉलोअरही तिथंच राहिले. देशी की परदेशी याने काही फरक पडत नाही. प्रेक्षक तुमचे नसतातच, ते भाड्याचे असतात.

कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ट्विटरने काही दिवस मॅस्टोडॉनच्या लिंकच टाकू दिल्या नाहीत. रिकाम्या हॉलला कोणी कुलूप लावतं का?

आपल्याला भारतात हे नवं नाही. २०११ पासून आपण नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलतो. नेटवर्क येत नाही? चला दुसरीकडे. कुणी विचारत नाही की त्या कंपनीत कोण असतं, कारण कुठल्याही कंपनीतून कुणालाही फोन लागतो. सोशल मीडियाला हाच नियम का नको? मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर फॉलोअर आपोआप नव्या खात्यामागे येतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, जुना सर्व्हर चालू असावा लागतो, ही उणीव आहेच; पण माणसं येतात. आणि आपल्या सरकारने काय केलं? २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात स्वतःचा डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात तो नाही. तो वगळला गेला तेव्हा आपण मिसळीवरून भांडत होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मोठ्या ॲपवर राहायचं तर राहा, मीही आहे. पण तुमचं लिखाण, तुमच्या वाचकांची यादी अशा एखाद्या ठिकाणीही ठेवा जिथून ती उचलून नेता येईल. तो हक्क कायद्यात परत मागा. आणि किती लाइक आले हे बघण्याआधी उत्तर कुणी दिलं, ते वाचा.

राहता राहिला तो प्रश्न. तिथं कोण असतं? फॉन्टवाला असतो. एक शाळेतल्या बाई असतात, रोज एका झाडाबद्दल लिहितात. नाशिकचा एक मुलगा बसच्या वेळा आणि कविता दोन्ही टाकतो. आणखी थोडे आहेत. तुम्ही नाही आहात, म्हणून ते थोडे आहेत.