मरतुकीत न दिसणारा गंबोरो

कोंबड्यांच्या गंबोरो रोगाचं सगळ्यात मोठं नुकसान मरतुकीच्या नोंदवहीत कधी चढतच नाही. आपली धावपळ मात्र त्या वहीतल्या आकड्यांमागेच चालते.

गंबोरोचा विषाणू दाण्यापाण्यातून पोटात जातो. आतड्यातल्या भक्षक पेशीच त्याला गुदद्वाराच्या वरच्या अंगाला असलेल्या ‘बर्सा’ नावाच्या छोट्या पिशवीत नेऊन सोडतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी कोंबडीत इथंच तयार होतात. पिल्लाची बर्सा काढली की प्रतिपिंडं नीट बनत नाहीत, हे ब्रूस ग्लिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९५६ मध्ये दाखवलं. गंबोरो नेमक्या याच कोवळ्या बी-पेशी मारतो. टी-पेशी धावून येतात, विषाणूला आवर घालतात, पण त्या झटापटीत बर्साही भाजून निघते. मेलेलं पिल्लू उघडलं तर ती सुरुवातीला सुजलेली, पिवळट, बुळबुळीत दिसते; जगलेल्या पिल्लांत पुढच्या काही दिवसांत ती आक्रसते.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत मांडीच्या मांसावर रक्ताचे डाग दिसतात, मरतुक होते, रोग ओळखता येतो. त्याआधीच्या वयात लागण झाली, तर बहुतेक वेळा वरून काहीच कळत नाही. पिल्लू खातं, फिरतं, पण त्याची बर्सा कामातून गेलेली असते. मग लासोटा ही मानमोडीची लस देऊनही मानमोडी येते, ई. कोलाय जिवाणू बळावतो आणि खापर लसीवर नाहीतर शेतकऱ्यावर फुटतं. पाण्यात अँटिबायोटिक पडतं, ज्याचा विषाणूवर काडीचाही परिणाम नाही.

आईकडून आलेली प्रतिपिंडं भरपूर असताना गंबोरोची जिवंत लस पाजली, तर ती वाया जाते. उशीर केला, तर विषाणू आधी पोहोचतो. म्हणून सगळ्या बॅचना डोळे झाकून लसीचा चौदावा दिवस धरणं मला चुकीचं वाटतं. ही प्रतिपिंडं पिल्लांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून मोजता येतात. पण कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्याने ती कुठून मोजायची? पिल्लं कंपनीची, लस कंपनीची, तेव्हा तपासणीही कंपनीनेच करावी आणि लसीची तारीख त्यावरून ठरवून पिल्लांच्या गाडीबरोबर लेखी द्यावी. मरतुक कमी असली तरी डॉक्टरांनी दर बॅचमधले दोन-चार पक्षी उघडून बर्सा पाहावी. हा विषाणू रिकाम्या शेडमध्येही महिनोन्‌महिने टिकतो. या बॅचला काय झालं हे कळलं नाही, तर पुढची पिल्लं त्याच्याच तोंडी जातात.