'सेम टू सेम' नावाचा आजार

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला सगळ्यात महाग पडणारे तीन शब्द म्हणजे 'सेम टू सेम'. 'साहेब, गिअरबॉक्स सेम टू सेम आहे, डोळे झाकून टाका.' आणि आपण खरंच डोळे झाकतो. आपण म्हणजे कोण? ऑफिसात एका लायब्ररीची आवृत्ती ४.२ च्या जागी ४.३ आली तर रिलीज अडवून धरणारे, 'व्हर्जन कुठलं, बिल्ड कुठला' विचारून समोरच्याचं डोकं खाणारे आपण. तोच माणूस शनिवारी गॅरेजमध्ये गेला की नंबर न बघता पन्नास-साठ हजारांची वस्तू गाडीत बसवून घेतो. मला हे अजिबात पटत नाही, आणि आज त्याबद्दलच भांडायचं आहे.

गाडी घेऊ ऑक्टाव्हिया आरएस. आपल्याच महाराष्ट्राशी नातं असलेली. औरंगाबादजवळच्या शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना, आणि २००४ मध्ये तिथल्या ऑक्टाव्हियाची ही तापट बहीण आपल्याकडे आली. १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० पीएस, २१० न्यूटन मीटर टॉर्क, पाच गिअर, मॅन्युअल. त्या काळी कॉलेजात असलेल्या आमच्या पिढीने तिचे फोटो डेस्कटॉपवर लावले होते. आता हातात पैसा आला, तर तीच गाडी सेकंडहँड घेऊन शनिवार-रविवारी अलिबागकडे पळवणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाल्यावर तर विचारूच नका.

आणि इथूनच गिअरबॉक्सचं मरण सुरू होतं. नागावच्या पुळणीवर गाडी उतरवायची हौस! ओहोटीला वाळू टणक दिसते, म्हणून पोरं गाडी थेट पाण्याच्या रेषेपर्यंत नेतात. चाक रुतलं की क्लच जाळतात, आणि तेवढ्यात भरती चढते. गाडी ट्रॅक्टरने बाहेर निघते, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. पण आत काय झालेलं असतं? गिअरबॉक्सला वर श्वास घ्यायला एक छोटी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. तेल कॉफीसारखं दुधाळ होतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. दोन-तीन महिन्यांनी बेअरिंगवर गंजाचे खड्डे पडतात आणि घरघर सुरू होते. पाण्यातून निघालेल्या गाडीचं गिअर ऑइल त्याच आठवड्यात काढून बघणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे, पण तो कुणी काढत नाही.

बरं, घरघर आली म्हणजे लगेच गिअरबॉक्स बदला असं नाही. आधी निदान, मग शस्त्रक्रिया. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो? मग संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येतो? मग तो रिलीज बेअरिंग, गिअरबॉक्सला दोष देऊ नका. फक्त दुसरा गिअर टाकताना करकर होते? त्या गिअरचा सिंक्रो झिजलाय. सगळेच गिअर, त्यातही रिव्हर्स, टाकताना करकर होते? मग बहुधा क्लच पूर्ण सुटत नाहीये, आधी हायड्रॉलिक्स तपासा. दांडा ढिला लागतोय आणि गिअर शोधावा लागतोय? केबल आणि बुश बघा. ही पाच वाक्यं पाठ केली तरी कितीतरी गिअरबॉक्स उगाच भंगारात जायचे वाचतील.

समजा, बदलायचाच ठरला. मग तो ओळखायचा कसा? या ऑक्टाव्हियाच्या गिअरबॉक्सचं घराण्याचं नाव ०२जे, कंपनीच्या दुसऱ्या भाषेत एमक्यू२५०. एम म्हणजे मॅन्युअल, क्यू म्हणजे आडवा बसवलेला, आणि २५० म्हणजे सुमारे २५० न्यूटन मीटर पेलणारा. हेच घराणं गोल्फ, बोरा, ऑडी ए३, बीटल अशा कितीतरी गाड्यांत नांदलं. पण आडनाव एक असलं म्हणजे माणूस तोच होत नाही. खरी ओळख कवचावर ठोकलेल्या तीन अक्षरी कोडमध्ये असते. त्याच्यापुढे बनावटीची तारीख असते. तेलकट चिखलाचा थर वायर ब्रशने खरवडला की हे दिसतं. तोच कोड डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात चिकटवलेल्या माहितीच्या कागदावर आणि सर्व्हिस बुकात असतो. दोन्ही जुळले तर मूळ गिअरबॉक्स, नाही जुळले तर आधीच्या मालकाने काहीतरी 'सेम टू सेम' करून ठेवलंय.

कोडने एवढा काय फरक पडतो? आपल्याकडे याच ऑक्टाव्हियाची डिझेल आवृत्ती भरपूर खपली, १.९ टीडीआय, ९० पीएस. तिचाही गिअरबॉक्स ०२जे. बोल्ट जुळतात, बाहेरून ओळखू येत नाही, आणि गाड्या जास्त असल्यामुळे बाजारात मिळतो तो हाच. पण डिझेल इंजिन साडेचार हजार आरपीएमच्या आसपास संपतं, पेट्रोल साडेसहा हजारांपर्यंत जातं. म्हणून डिझेलचे वरचे गिअर लांब ठेवलेले असतात. ते पेट्रोलला लावले की कार्लेखिंड चढताना तिसरा टाकल्यावर आरपीएम धपकन खाली येतात आणि १५० घोडे झोपा काढतात. शिवाय ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतात त्या फ्लँजचे मापही १०० आणि १०८ मिलिमीटर असे दोन आहेत. हे गाडी लिफ्टवर उघडी पडल्यानंतर कळलं तर काय होतं ते सांगायला नको.

माझ्या एका मित्राच्या गाडीचं हेच झालं. नागावची वाळू, भरती, तीन महिन्यांनी घरघर, सगळं वर लिहिल्याप्रमाणे. जुन्या सामानाच्या एका विक्रेत्याने गिअरबॉक्स आणून दाखवला, 'आरएसचाच आहे'. कोडची जागा ग्राइंडरने घासून साफ! आम्ही तिथेच फरशीवर हिशोब केला. मित्राची गाडी पाचव्यात ताशी १०० ला साधारण २,८०० आरपीएम दाखवायची. टायरचा एक फेरा १.९५ मीटर धरला तर ताशी १०० ला चाक मिनिटाला ८५५ फेरे घेतं. २,८०० भागिले ८५५ म्हणजे जवळपास सव्वातीन. आता समोरचा गिअरबॉक्स पाचव्यात टाकायचा, एक फ्लँज घट्ट धरायची, दुसरी बरोबर दोन फेरे फिरवायची (एक बाजू अडवली की डिफरन्शिअल निम्म्याने फिरतं, म्हणून दोन), आणि इनपुट शाफ्टचे फेरे मोजायचे. सव्वातीन यायला हवे होते, आले जेमतेम अडीच. म्हणजे डिझेलचा. विक्रेता म्हणाला, 'मायलेज वाढेल ना साहेब!' :-) आम्ही नमस्कार केला आणि मूळचाच उघडून नवे बेअरिंग आणि सील घातले. वेळ जास्त गेला, पण गाडी स्वतःच्या गिअरबॉक्सवर चालते आहे.

यावर लोक म्हणतात, 'अरे, मेकॅनिकच्या हाताला अनुभव असतो.' असतो, आणि मला त्याचा आदर आहे. पण गुणोत्तर हाताला लागत नाही, ते मोजावं लागतं. दुसरे म्हणतात, 'एवढी कटकट कशाला, विकून टाक आणि ऑटोमॅटिक घे.' घ्या की! पण चांगली चालणारी वस्तू एका बेअरिंगपायी भंगारात काढणं याला प्रगती म्हणू नका.

खरा राग मात्र विक्रेत्यावर नाही. तो अंधारात धंदा करतो, कारण अंधार ठेवलेला आहे. आरसीवर चासिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा पत्ताच नाही. कुठल्या कोडला कुठलं गुणोत्तर, कुठलं बेअरिंग, हे कंपनीला माहीत असतं, मालकाला नसतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, कशासाठी? सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोचू देत नाहीत म्हणून. स्कोडाही त्या चौदात होती. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. युरोपीय संघाने २००७ च्या नियमातच अशी माहिती स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना खुली करण्याचं बंधन घातलं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल आलं, त्यात वाहनं हा एक विभाग आहे. चांगलं आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आणि सरकारचा दुसरा हात काय करतो? पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये केली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० वर नेली. जुनी गाडी नीट ठेवा म्हणून पैसे वाढवायला हरकत नाही, पण मग नीट ठेवायला लागणारी माहितीही द्यायला लावा ना! गाडी बंद झाल्यावर दहा वर्षांनी तिचा पार्ट कॅटलॉग आणि गिअरबॉक्स कोडची यादी सगळ्यांसाठी खुली करायची, एवढीच मागणी. कंपनीचं यात काय गुपित फुटणार आहे? ते मॉडेल ती स्वतःच विसरली आहे.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. ब्रश घ्या, कोड वाचा, बिल मागा, आणि बिलावर तो कोड लिहून घ्या. कोड घासलेला दिसला तर उठून चालू लागा. आणि एवढं सगळं जमणार नसेल तर निदान गाडी नागावच्या वाळूत उतरवू नका. समुद्र बघायला चालत जाता येतं.