समाजमंदिराचे कागद कोणी पाहावयाचे?

आपल्या जिल्ह्यातील एका वस्तीतून चार बांधव मजकडे आले होते. समाजमंदिर बांधून पुरे झाले आणि पहिल्याच पावसात त्याचे छत गळू लागले. मी विचारले, अंदाजपत्रकाची नक्कल आहे काय? कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा? काम चालू असता आपण कोठे होता? उत्तर केवळ शेवटच्या प्रश्नाचे मिळाले : "वकीलसाहेब, आम्ही ऊसतोडीला होतो."

बीड जिल्ह्याचे दुखणे या उत्तरात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. बांधकामे बहुधा याच कोरड्या महिन्यांत होतात. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्याविना भरते. ३१ मार्चला सरकारी वर्ष संपते, म्हणून देयके काढण्याची घाई उडते तीही तेव्हाच. ज्यांच्यासाठी इमारत, ते उसाच्या फडात!

बंधुभगिनींनो, हा कोणाचा उपकार नव्हे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत येतो. तो आपल्या हक्काचा आहे. सळई किती जाडीची, काँक्रीटचे प्रमाण काय, हे अंदाजपत्रकात लिहिलेले असते. अभियंत्याने जागेवर मोजून मोजमाप पुस्तिकेत नोंद करावयाची आणि त्या नोंदीवरून देयक निघावयाचे. स्लॅबची गोष्ट मात्र निराळी. काँक्रीट एकदा ओतले की सळई झाकली जाते. मग ती किती होती याची साक्ष कोण देणार? सबब सळई बांधून झाल्यावर, ओतण्यापूर्वी, वस्तीतील माणूस जागेवर हजर पाहिजे. वृद्ध मंडळी व शाळेतील मुले मागे राहतातच.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागदांच्या नकलाच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी व साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. अर्जास १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. हा अर्ज ऊसतोडीला निघण्यापूर्वी करावा, परतल्यावर नव्हे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्यांच्याच अखत्यारीत होते. त्यांच्या नावाच्या सभागृहाची फीत कापताना आपण जयघोष करतो. करारनामा मात्र कोणी मागत नाही, याचे मला नवल वाटते.

करारनाम्यात दोषदायित्वाची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत उघड झालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो आणि त्यासाठीच त्याची अनामत रक्कम राखून ठेवतात. मुदतीत लेखी तक्रार न गेल्यास ती रक्कम सुखाने परत जाते. तोंडी तक्रारीला फाईलमध्ये जागा नसते.

त्या चौघांच्या कामाची मुदत सुदैवाने संपली नव्हती. अर्ज दिला, पोच घेतली. छत अद्याप दुरुस्त व्हावयाचे आहे. त्यांपैकी दोघे दसऱ्यानंतर पुन्हा कारखान्यावर जातील; पोचपावती वस्तीतील दहावी झालेल्या एका मुलीपाशी ठेवली आहे.