अंश सगळेच वाचतात, छेद कोण वाचणार?

१९३६ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यात फ्रँकलिन रूझवेल्टना ९८.६ टक्के मतं पडली. त्यांच्याविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन आल्फ लँडन यांना अख्ख्या राज्यातून मिळाली फक्त १,६४६. पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात.

हा आकडा सहसा गंमत म्हणून समोर येतो. सर्वांत एकतर्फी निकालांच्या यादीत तो वरच्या नंबरावर असतो. निवडणुकीच्या नकाशात ते राज्य एकाच गडद रंगानं भरलेलं दिसतं. खाली स्पष्टीकरणही तयार असतं: महामंदीचे दिवस होते, रूझवेल्टनी लोकांना हात दिला, लोकांनी भरभरून परत केलं. ऐकायला छान वाटतं. पण मला हे स्पष्टीकरण केवळ अपुरं वाटत नाही, तर खोटं वाटतं. ९८.६ टक्के हा साउथ कॅरोलिनातल्या प्रेमाचा आकडा नाही. पन्नासहून जास्त वर्षं चिकाटीनं चालवलेल्या एका गाळणीतून शेवटी जे खाली पडलं, त्याचं ते मोजमाप आहे.

टक्केवारी म्हणजे अपूर्णांक. वर अंश, खाली छेद. हे आपण पाचवी-सहावीत शिकतो आणि बातम्या वाचायला लागलो की विसरतो. तर आधी छेद बघू.

१९३६ मध्ये साउथ कॅरोलिनाची लोकसंख्या साधारण १८ लाख होती. अध्यक्षपदासाठी एकूण मतं पडली १,१५,४३७. म्हणजे लहान मुलांसकट मोजलं तर दर सोळा माणसांमागे एक मत. आता कनेक्टिकट घ्या. उत्तरेकडचं राज्य, लोकसंख्या थोडी कमीच. अध्यक्ष निवडणारे इलेक्टर दोन्ही राज्यांना सारखेच, आठ-आठ. कनेक्टिकटमध्ये त्या दिवशी मतं पडली सुमारे ६ लाख ९१ हजार. भागाकार करा: कनेक्टिकटमध्ये एका इलेक्टरमागे ८६ हजार मतं, साउथ कॅरोलिनात साडेचौदा हजार. म्हणजे साउथ कॅरोलिनात ज्याला मतपेटीपर्यंत पोहोचू दिलं, त्या एका माणसाच्या मताचं वजन कनेक्टिकटमधल्या सहा माणसांच्या मतांइतकं होतं.

हे वजन आलं कुठून? न पोहोचलेल्यांकडून. इलेक्टरांची संख्या सिनेटच्या दोन जागा अधिक हाउसच्या जागा अशी ठरते, आणि हाउसच्या जागा लोकसंख्येवर. त्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय माणूस पूर्ण एक म्हणून मोजला जायचा. १९३० च्या जनगणनेत ते राज्यात ४५ टक्क्यांहून जास्त होते. त्यांच्या डोक्यांवर जागा घ्यायच्या आणि त्या जागांवर कुणाला बसवायचं हे मात्र त्यांना विचारायचं नाही. गुलामगिरीच्या काळात निदान तीन-पंचमांशाचा हिशेब होता. गुलामगिरी गेली, माणूस पूर्ण एक झाला आणि फायदा पुन्हा जुन्या मालकांच्याच घरी गेला.

आता काहीजण म्हणतील, लोक स्वतःहून मतदानाला गेले नसतील. म्हणून आकड्यांची एक ओळ मांडतो. १८८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत या राज्यात सुमारे १ लाख ७१ हजार मतं पडली. १८८४ मध्ये सुमारे ९३ हजार. १९०० मध्ये सुमारे ५१ हजार. या वीस वर्षांत लोकसंख्या वाढत होती. पुढे १९२० मध्ये स्त्रियांनाही मताधिकार मिळाला. तरी १९३६ चा आकडा १८८० च्या पुढे गेला नाही. कंटाळा असा चार वर्षांत राज्यभर पसरत नाही. तो कुणीतरी कायदा करून पसरवावा लागतो.

तो कायदा १८८२ चा. इतिहासात त्याला 'आठ पेट्यांचा कायदा' म्हणतात. काळा-गोरा हा शब्द त्यात वापरता येत नव्हता, कारण १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं वर्णावरून मताधिकार नाकारायला मनाई केली होती. मग एडवर्ड मॅक्रेडी नावाच्या चार्ल्सटनच्या वकिलानं डोकं चालवलं. वेगवेगळ्या पदांसाठी वेगवेगळ्या पेट्या ठेवायच्या. चुकीच्या पेटीत पडलेलं मत बाद. पेट्यांवरची नावं वाचता आली तर ठीक, नाहीतर निवडणूक अधिकारी विचारल्यावर वाचून दाखवेल. तो अधिकारी कुणाच्या बाजूचा, हे सांगायला नको. मदत करणाऱ्यानं क्रम पाठ करून घेतला असेल, तर पेट्यांची अदलाबदल करायची. शिवाय सगळ्यांनी नव्यानं नोंदणी करायची, तीही ठरावीक मुदतीत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. वापरणाऱ्याची चूक होऊ नये म्हणून स्क्रीन कशी रचायची, यावर आमच्याकडे तासन्‌तास मीटिंगा होतात. आठ पेट्यांचा कायदा हे त्या कौशल्याचं बरोबर उलटं रूप आहे: वापरणाऱ्याची चूक व्हावीच अशी रचना करायची आणि चूक झाली की दोष त्याच्या अडाणीपणाला द्यायचा. गुलामीत ज्यांना लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता, त्यांची वाचनपरीक्षा मतपेटीसमोर घ्यायची. याला 'त्रुटी' म्हणणारे लोक मला भोळे नाही, लबाड वाटतात. सिस्टिमनं नेमून दिलेलं काम तंतोतंत केलं होतं.

त्याआधी काम हातानं करावं लागायचं. १८७६ मध्ये 'रेड शर्ट्‌स' म्हणवणाऱ्या सशस्त्र गोऱ्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या. जुलैमध्ये हॅम्बर्ग गावात कृष्णवर्णीय सैनिकांना पकडून मारलं गेलं. त्या वर्षी राज्याचा अध्यक्षीय निकाल ८८९ मतांच्या फरकानं लागला आणि तोही वादातच राहिला, कारण एजफिल्डसारख्या काउंटीत असलेल्या मतदारांहून जास्त मतं पडली होती. १८७६ मध्ये मतं चोरावी लागली. १९३६ मध्ये चोरी करायची गरजच उरली नव्हती. रक्त नाही, बंदुका नाहीत, खोटी मतं नाहीत, नीट बेरीज केलेला स्वच्छ तक्ता. अशा स्वच्छतेला मी जास्त घाबरतो.

बंदुकीचं काम कागदावर आणण्यात मोठा वाटा बेंजामिन टिलमनचा. १८९५ मध्ये राज्याची नवी घटना लिहायला परिषद बसली. तेव्हा राज्यात जवळपास साठ टक्के लोक कृष्णवर्णीय होते. परिषदेत १६० प्रतिनिधी, त्यांत कृष्णवर्णीय सहा. नव्या घटनेत काय आलं? पोल टॅक्स. राज्यात दोन वर्षं वास्तव्याची अट, म्हणजे मळे बदलत फिरणारा कूळ-शेतकरी आपोआप बाहेर. वाचता-लिहिता येण्याची अट, किंवा तीनशे डॉलरच्या मालमत्तेवर भरलेला कर. आणि सुरुवातीची काही वर्षं एक खास पळवाट: वाचता आलं नाही तरी वाचून दाखवलेलं कलम 'समजावून सांगता' आलं तर चालेल. समजलं की नाही, हे नोंदणी अधिकारी ठरवणार. अडाणी गोऱ्याला कलम कळायचं आणि शिकलेल्या कृष्णवर्णीयाला ते कळलं नाही असा निकाल देण्याची सोय होती. पुढे १९०० मध्ये टिलमननं सिनेटमध्ये उभं राहून हे सगळं कशासाठी केलं ते उघड सांगितलं, अभिमानानं. तेव्हा हेतूबद्दल तर्क लढवायची गरज नाही.

त्या सहा जणांत रॉबर्ट स्मॉल्स होते. १८६२ मध्ये गुलाम असताना त्यांनी चार्ल्सटनच्या बंदरातून 'प्लँटर' हे दक्षिणेचं जहाजच पळवलं होतं, कुटुंबीयांना आणि सोबत्यांना घेऊन, तोफांच्या समोरून. नंतर ते अनेकदा काँग्रेसवर निवडून गेले. १८९५ च्या घटनेवर त्यांनी सही केली नाही. तिच्याखाली झालेल्या निवडणुकांची टक्केवारी आपण मात्र निमूट वाचतो.

इथे मराठी वाचकाला थांबायला एक कारण आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्याच सुमारास साउथ कॅरोलिनाच्या विधानसभागृहात कृष्णवर्णीय सदस्यांचं बहुमत होतं. कालपर्यंतचे गुलाम कायदे करत होते. पुण्यातून दिसणारी ती आशा खोटी नव्हती. पण अर्पणपत्रिका आपण अभिमानानं सांगतो आणि पुढची गोष्ट सांगत नाही. जोतीराव १८९० मध्ये गेले. पाच वर्षांनी त्या राज्यानं मुक्त झालेल्यांच्या हातातलं मत घटनेनंच काढून घेतलं. सुटका झाली, आता प्रश्न मिटला, असं मानणाऱ्या प्रत्येकाला हा पुढचा अध्याय वाचायला लावला पाहिजे.

आता समोरच्या बाजूचे दोन मुद्दे, जे खरोखर दमदार आहेत.

पहिला: खरी निवडणूक नोव्हेंबरात नव्हतीच. ती आधीच, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत व्हायची आणि तिथे नोव्हेंबरहून जास्त मतदान व्हायचं. त्यामुळे १ लाख १५ हजार हा आकडा दिसतो त्याहून थोडा कमी भयानक आहे. मान्य. पण त्या प्रायमरीचं दार कुणासाठी उघडं होतं? गोऱ्यांसाठी. १९४४ मध्ये टेक्सासच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्यांपुरती प्रायमरी बेकायदा ठरवली, तेव्हा साउथ कॅरोलिनानं खास अधिवेशन भरवलं आणि प्रायमरीसंबंधीचे सगळे कायदे पुस्तकातून खोडून टाकले. म्हणजे आता ही सरकारी निवडणूक नाही, हा आमचा खाजगी क्लब, सभासद आम्ही ठरवू. १९४७ मध्ये जे. वेटीस वेअरिंग या चार्ल्सटनच्याच गोऱ्या न्यायाधीशानं ही चलाखी मोडून काढली. तेव्हा हा पहिला मुद्दा माझ्या म्हणण्याला खोडत नाही. तो फक्त कुलूप कोणत्या दाराला होतं ते सांगतो.

दुसरा मुद्दा: रूझवेल्ट तसेही जिंकलेच असते. त्या वर्षी ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी घेतली. उत्तरेकडच्या शहरांत राहणारे कृष्णवर्णीय मतदार तेव्हा मोठ्या संख्येनं त्यांच्याकडे वळले होते. म्हणजे ज्यांना साउथ कॅरोलिनात बाहेर ठेवलं, त्यांतल्या पुष्कळांनी बहुधा रूझवेल्टनाच मत दिलं असतं. हेही मान्य. पण मत म्हणजे फक्त विजेत्याचं नाव नव्हे. ज्याला आपलं मत हवं असतं, त्याला आपली भीती असते. त्याच १९३६ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातल्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात एका कृष्णवर्णीय पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, तेव्हा साउथ कॅरोलिनाचे सिनेटर एलिसन स्मिथ, 'कॉटन एड', सभा सोडून निघून गेले. हे गृहस्थ १९०९ पासून १९४४ पर्यंत सिनेटमध्ये होते आणि ज्येष्ठतेच्या जोरावर शेती समितीचे अध्यक्ष. त्यांच्या राज्यातले निम्म्याच्या आसपास लोक ज्यांच्या प्रार्थनेलाही ते थांबले नाहीत त्यांच्यापैकी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना स्मिथविरुद्ध काहीच करता येत नव्हतं. रूझवेल्ट किती मतांनी जिंकले, यापेक्षा कॉटन एडला कुणाची भीती नव्हती, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

आणि हे सगळं थांबवायला नियम नव्हता असंही नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात स्वच्छ लिहिलंय: राज्यानं प्रौढ पुरुष नागरिकांचा मताधिकार नाकारला, तर त्या प्रमाणात त्या राज्याचं प्रतिनिधित्व कमी होईल. इतकी सरळ अट. ती एकदाही अमलात आली नाही. कोड लिहिलेलं होतं, ते कुणी चालवलंच नाही. दोष एकट्या टिलमनचा नाही. ते कलम वर्षानुवर्षं धूळ खात ठेवणारे उत्तरेतले सज्जनही त्यात आहेत.

गाळणी सैल झाल्यावर काय झालं ते आकड्यांतच बघा. १९५० मध्ये राज्यानं एकदाची गुप्त मतपत्रिका स्वीकारली, सगळ्या राज्यांच्या शेवटी. तोवर प्रत्येक पक्षाची मतपत्रिका वेगळी असायची, म्हणजे कोण कुणाची उचलतो ते बघणाऱ्याला दिसायचं. १९५१ मध्ये पोल टॅक्स गेला. १९५२ मध्ये मतं पडली ३ लाख ४१ हजार आणि निकाल लागला ५०.७ विरुद्ध ४९.३. सोळा वर्षांपूर्वी ज्या राज्यात रिपब्लिकन पक्षाला दोन हजार मतं मिळत नव्हती, तिथे तो जिंकता जिंकता राहिला. बहुतांश कृष्णवर्णीय अजून बाहेरच होते. नुसत्या गोऱ्यांमधलं 'एकमत'सुद्धा इतकं कच्चं निघालं.

मग १९६५ चा मताधिकार कायदा आला. साउथ कॅरोलिना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६६ मध्ये हरलं. १९६८ मध्ये या राज्यात साडेसहा लाखांहून जास्त मतं पडली. निक्सन ३८ टक्के, वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस ३२, हम्फ्री जवळपास ३०. कुणालाही चाळीससुद्धा नाहीत.

हा निकाल देखणा नाही. जवळजवळ एक-तृतीयांश लोकांनी वॉलेसला मत दिलं, हे वाचताना आजही संताप येतो. पण हा पसारा, ही भांडणं, हा द्वेष आणि त्याला भिडणारी मतं, सगळी एकाच तक्त्यात मोजलेली आहेत. ९८.६ च्या तक्त्यात भांडण दिसत नाही, कारण भांडणाऱ्याला आत घेतलेलंच नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. निवडणुकीचे जुने नकाशे बनवणाऱ्यांनी, याद्या छापणाऱ्यांनी, आम्हा डॅशबोर्डवाल्यांनी टक्केवारीच्या शेजारी दोन आकडे न चुकता द्यावेत: राज्यात माणसं किती होती आणि मतं किती पडली. जागा नसेल तर टक्केवारी काढून टाका, हे दोन ठेवा.