फुप्फुसांच्या नावे टाकलेला खर्च

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांच्या हवेची यादी जाहीर केली आणि आपले ग्वाल्हेर त्यात दुसरे आले. पहिले इराणमधले झाबोल, मग आपण, मग अलाहाबाद. ज्या दिल्लीला आपण नेहमी नावे ठेवतो, ती बरीच खाली होती. २०१४ च्या यादीतही दिल्ली-पाटण्याच्या पाठोपाठ आपण होतोच. आठ दिवस बाड्यावर चर्चा झाली. कोणी म्हणाले आकडे जुने आहेत, कोणी म्हणाले यंत्र चुकीच्या चौकात लावले होते. नवव्या दिवशी सगळे विसरले. आम्हीही विसरलो, हे आधीच कबूल करतो.

आकडा होता १७६. म्हणजे एक घनमीटर हवेत पी.एम. २.५ या अतिसूक्ष्म कणांचे वर्षभराचे सरासरी प्रमाण १७६ मायक्रोग्रॅम. आपल्याच देशाच्या २००९ च्या मानकाप्रमाणे ते ४० च्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तेव्हा १० होती, २०२१ मध्ये त्यांनी ती ५ वर आणली. हा कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाइतका. नाकातल्या केसांत अडकत नाही, खोकल्याने बाहेर पडत नाही, फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो आणि त्याचा काही भाग रक्तात उतरतो. म्हणून हवेने फक्त दमा होतो ही आपली समजूत अपुरी आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कमी वजनाची बाळे, सगळ्यांशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. बाहेरच्या दूषित हवेने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे तर २०१३ पासून अधिकृतपणे मान्य झालेले आहे. शंकरराव पंडित, कृष्णराव पंडित, राजाभैया पूछवाले यांच्या गावाला दमसासाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही.

आम्ही बँकेत कारकून आहोत, डॉक्टर नाही. पण काउंटरच्या या बाजूला बसून जे दिसते ते डॉक्टरांना दिसत नसावे. डिसेंबर-जानेवारीत, धुके उतरते आणि दुपारपर्यंत ऊन पडत नाही त्या दिवसांत, मुदत ठेव मुदतीआधी मोडायला येणारे वाढतात. का मोडताय, असे आम्ही विचारत नाही, तो आमचा अधिकार नाही. पण बायका-पुरुष आपणहून सांगतात. "आईंना ॲडमिट केलंय, छाती भरलीय." दंड कापून रक्कम हातात देताना वाईट वाटते.

साधा हिशेब करू. समजा एखाद्या निवृत्त गृहस्थांना इनहेलर, गोळ्या आणि तपासणी मिळून महिन्याला पंधराशे रुपये लागतात. वर्षाचे अठरा हजार झाले. अडीच लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी वर्षाचे साडेसतरा हजार व्याज मिळते. म्हणजे आयुष्यभराच्या बचतीतले अडीच लाख रुपये फक्त श्वास चालू ठेवण्यासाठी गुंतून पडले, वर पाचशे रुपये पेन्शनमधून. आरोग्य विमा रुग्णालयात भरती झाल्यावर कामाला येतो, रोजच्या इनहेलरचे पैसे सहसा देत नाही. ही रक्कम कुठल्याच सरकारी खर्चात दिसत नाही, कारण ती आपण मुकाट्याने आपल्या खिशातून भरतो.

देशपातळीवर मात्र कोणी तरी बेरीज केली आहे. भारतीय संशोधकांचा अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे देशात १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, एकूण मृत्यूंच्या १७.८ टक्के. अकाली मृत्यू आणि आजारपणात बुडालेल्या उत्पन्नाचा आकडा ३६.८ अब्ज डॉलर, राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के. आणि उत्पन्नाच्या मानाने सर्वांत मोठा फटका कोणाला? उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ. जे गरीब, त्यांचेच जास्त बुडाले. याच अभ्यासातली एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. चुलीच्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर १९९० च्या मानाने ६४ टक्क्यांनी उतरला, गॅस घरोघरी पोचल्याचा हा परिणाम. बाहेरच्या हवेचा मात्र दुपटीहून जास्त वाढला. म्हणजे उपाय केला की फरक पडतो. नशिबाची गोष्ट नाही.

कॉलेजात वाणिज्य शिकताना एक गोष्ट मनावर ठसली होती. ज्याने खर्च केला त्याच्या नावे तो टाकायचा, दुसऱ्याच्या नाही. वाळूचा ट्रक ताडपत्री न घालता लष्करातून जातो तेव्हा ठेकेदाराची ताडपत्री वाचते, पण तो खर्च नाहीसा होत नाही. तो रस्त्याकडेच्या चहावाल्याच्या, शाळेतून येणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांच्या नावे पडतो. खडी-क्रशरवर पाणी मारले नाही, रस्ता खणून महिनोन्‌महिने तसाच ठेवला, डबऱ्याकडच्या भातशेतात पराळी पेटवली, प्रत्येक ठिकाणी तीच नोंद. बचत एकाची, खर्च दुसऱ्याच्या खात्यावर. आमच्या बँकेत कोणी अशी नोंद केली तर त्याच संध्याकाळी चौकशी लागेल.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ गाड्या आल्या. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात ग्वाल्हेरचाही समावेश झाला, आणि पंधराव्या वित्त आयोगाने दशलक्षी शहरांना हवेसाठी वेगळा निधी दिला. पण पैसा गेला कुठे? दिल्लीच्या सी.एस.ई. या संस्थेने २०२४ मध्ये दाखवून दिले की या कार्यक्रमातल्या खर्चापैकी ६४ टक्के एकट्या रस्त्यावरच्या धुळीवर झाला. वाहनांवर १३ टक्क्यांच्या आत, कारखान्यांवर १ टक्काही नाही. शहरांची प्रगती मोजली गेली तीही पी.एम. १० वर, म्हणजे जाड धुळीवर. जो बारीक कण माणूस मारतो त्याचा हिशेब बाजूलाच. रोकड वहीत चिल्लर मोजायची आणि नोटा सोडून द्यायच्या, असा हा प्रकार. आपल्याकडे धूळ खरोखरच फार आहे, तिच्यावर खर्च हवाच. पण सकाळी दहाला, रहदारीच्या ऐन वेळी कोरड्या झाडूने रस्ता झाडला की ती धूळ जाते कुठे, हे आम्हांला आजवर कळलेले नाही.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्या वाड्यांतून अजून पहाटे बंब पेटतो. त्यात लाकूड जाते, वर्तमानपत्रे जातात, आणि हल्ली प्लॅस्टिकच्या पिशव्याही जातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. अंगणातला पालापाचोळा काडी लावून संपवायचा हा तर आपला जुना शिरस्ता. दिवाळीत पुण्याहून मुले-नातवंडे येतात, दोन दिवसांत खोकू लागतात, आणि आपण म्हणतो, "त्यांना इथलं पाणी मानवत नाही." पाणी नव्हे हो, हवा! ती पोरे परत इथे राहायला का येत नाहीत याची कारणे अनेक आहेत, नोकरी हे पहिले. पण सुनेने लहान बाळाला घेऊन थंडीत यायला नकार दिला तर तिला नावे ठेवण्याआधी त्या दिवशीचा हवेचा आकडा पाहावा. तो मोबाईलवर फुकट दिसतो.

दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तेव्हापासून आपण या गावात आहोत. महापालिकेच्या निवडणुकीत आपली मते थोडी, पण एकगठ्ठा, म्हणून प्रत्येक पक्षाचा उमेदवार गणेशोत्सवात आरतीला येतो. आपण त्याच्याकडे काय मागतो? सभागृहाला पत्रे, मंडपाला वर्गणी, फार तर गल्लीत एक दिवा. या वेळी मंडळाने वेगळे काही मागावे असा आमचा आग्रह आहे. वॉर्डात रस्ता खणला तर किती दिवसांत बुजवणार? उघडी वाळू-खडी नेणाऱ्या किती गाड्यांना दंड केला, त्याची यादी दर तिमाहीला फलकावर लावणार का? हवेसाठी आलेला निधी कोणत्या कामावर किती खर्च झाला, हे वॉर्डसभेत वाचून दाखवणार का? उत्तरे लेखी घ्यावीत आणि याच पत्रिकेत नावासकट छापावीत, पक्ष कोणताही असो.

या मागण्यांचा मसुदा आम्ही लिहून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. संध्याकाळी सहा ते आठ कार्यालय उघडे असते. वाचून, दुरुस्ती सुचवून सही करावी. आणि ज्यांना जिना चढताना धाप लागते त्यांनी खालून हाक मारावी, आम्ही कागद खाली घेऊन येऊ.