राज्यसभेने संमत केलेले, तरीही कायदा न झालेले विधेयक

शुक्रवारी दुपारी चर्चा, मंत्र्यांचे आश्वासन आणि अखेर विधेयक मागे: संसदेतील अशासकीय विधेयकांचा हा बहुधा ठरलेला क्रम. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा होऊ शकलेले नाही. द्रमुकचे राज्यसभा सदस्य तिरुची शिवा यांनी २४ एप्रिल २०१५ रोजी हा क्रम मोडला. तृतीयपंथीय व्यक्तींच्या हक्कांविषयीचे आपले विधेयक मागे घेण्याची सरकारची विनंती त्यांनी मान्य केली नाही आणि सभागृहाने ते एकमताने संमत केले.

लोकसभेत मात्र ते अडकले. सरकारने २०१६ मध्ये स्वतःचे विधेयक आणले. शिवा यांचे विधेयक २०१९ मध्ये सोळाव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. त्याच वर्षी सरकारी विधेयकाचा कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल त्यामागे होताच, तरी शिवा यांचा वाटा नाकारता येत नाही. परंतु त्यांनी सुचविलेले शिक्षण व नोकऱ्यांतील आरक्षण त्या कायद्यात आले नाही. सरकारी विधेयक प्रवर समितीकडे पाठविण्याचा त्यांचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्यसभेने ५५ विरुद्ध ७४ मतांनी फेटाळला.